सांवेरकडे सोयाबीन ठिगळाठिगळांनी वाळतंय. फवारणी करू की थांबू?

माळव्याची_सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. घर आमचं इंदुरात, रामबागेत. जमीन सांवेर तालुक्यात, कान्ह नदीच्या अंगाला. सासरे शेत बघायचे तोवर माझा संबंध पोती घरी आली की ती मोजण्यापुरता होता. आता त्यांच्या गुडघ्यांना बांध झेपत नाहीत, म्हणून मी जाते. शेत बटाईने दिलंय. बटाईदार मेहनती आहे, पण औषधाच्या बाबतीत दुकानदार म्हणेल ती पूर्व.

वाण ९५-६०, जूनच्या शेवटी पेरलेलं. जुलैत पाणी झकास पडलं, पीक असं भरलं की ओळीत पाय ठेवायला जागा नाही. मग पावसाने जी पाठ फिरवली ती अजून तशीच. ऊन तर ऑक्टोबरसारखं तापतंय. शेंगा धरल्यात आणि नेमकी आता ही भानगड. शेताच्या वरच्या कडेला, जिथे मुरूम वर आलाय, तिथे ठिगळं-ठिगळं वाळतायत. पानं पिवळी-तपकिरी होऊन झाडालाच लटकून राहतात, गळत नाहीत. खालच्या बाजूला, नाल्याजवळ, प्रकार वेगळाच. तिथे खालच्या पानांवर भिजल्यासारखे तपकिरी डाग आहेत आणि काही पानं एकमेकांना चिकटलीयत. शिवाय मधूनमधून हिरवी-पिवळी चट्टेरी पानांची झाडं आहेत ती निराळीच.

दुकानातून एक पिशवी आली. बुरशीनाशक, इल्लीचं औषध, वर एक टॉनिक. “तिन्ही एकत्र करून पूर्ण शेतावर मारा, सगळं थांबेल.” बटाईदार उद्या सकाळी पंप भरणार, निम्मा खर्च माझा. सासरे म्हणतात हा उकठा, म्हणजे मर रोग आहे, याला औषध नसतं. नवरा म्हणतो, वाळलं ते वाळलं, डोकं नको खाऊ. मी कोणाचं ऐकू?

निमाडी_मिरची (खरगोन)

कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं बुरशीनाशक मारून टाका बिनधास्त. आम्ही दरवर्षी मारतो.

काळीमाती (इंदूर)

दरवर्षी मारावं लागतं, म्हणजे ते कशावर मारताय तेच बघितलेलं नाही. असो.

ताई, उद्याची फवारणी परवावर ढकला. एका दिवसाने काही बिघडत नाही. माझी सगळी नोकरी बियाणं तपासण्यात गेली आणि आता देपालपूरकडे स्वतःची शेती बघतो, तेव्हा थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

खुरपं आणि चाकू घेऊन शेतात जा. बटाईदारालाही बरोबर घ्या, कारण पुढच्या वर्षी पिकापाशी रोज तोच असणार. रोप उपटू नका, खणून काढा. उपटलं की मुळाची कुजलेली साल मातीतच राहते आणि नेमकं बघायचं तेच हातात येत नाही. ठिगळाच्या मधलं एक पूर्ण वाळलेलं घ्या आणि कडेचं एक, जे आजच मलूल झालंय असं.

आधी मातीलगतचं खोड बघा. तिथे पांढरे धागे, कापसासारखी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती कॉलर रॉट, स्क्लेरोशियम नावाच्या बुरशीची. ही बहुतेक रोपावस्थेत येते, ओल आणि उकाडा एकत्र असला की. शेंगा धरल्यावर कमी, पण खात्री करून घ्यावी.

मग खोड उभं चिरा, मुळापासून पहिल्या तीन-चार पेरांपर्यंत. खरी गोष्ट इथे कळते. आत लालसर-तपकिरी बोगदा दिसला, क्वचित पांढरट अळीही सापडली, तर ती खोडमाशी. ती बुरशी नव्हे, बुरशीनाशकाच्या बापाला ऐकणार नाही. बोगदा नाही, पण सालीखाली आणि मुळाच्या गाभ्यात राखाडी रंगावर बारीक काळे ठिपके विखुरलेले असतील, बोटाने घासले तरी जात नसतील, तर चारकोल रॉट. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी. खोडमाशीचं झाड आणि चारकोलचं झाड बांधावरून सख्खी भावंडं दिसतात, चाकू लावल्याशिवाय ओळख पटत नाही. आणि देठावर किंवा खोडावर एकाखाली एक अशा दोन गोल खाचा असून वरचा भाग झुकला असेल, तर गर्डल बीटल, आपल्याकडे चक्रभृंग म्हणतात ते.

तुमच्या वर्णनावरून वरच्या कडेला मला चारकोलचाच वास येतोय. हलकी जमीन, शेंगांचा भार, पावसाची ओढ, आणि पानं वाळूनही लटकलेली. ही बुरशी ऑगस्टात आलेली नाही. तिचे ते काळे ठिपके म्हणजे तिची बीजं. ती मातीत वर्षानुवर्षं पडून असतात आणि कोवळ्या मुळात जून-जुलैतच शिरतात. ओल आहे तोवर झाडाला काही कळत नाही. जमीन सुकली, पारा तिशीच्या वर गेला, शेंगांनी ओढ लावली, की ती आतल्या नळ्या बंद करत जाते. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. तसल्या हवेत हिचं फावतं.

आता फवारणीचं. आंतरप्रवाही म्हणून जी बुरशीनाशकं विकली जातात ती पानात शिरून टोकाकडे सरकतात, वरून खाली मुळाकडे जात नाहीत. मग मुळातल्या बुरशीवर पानावरून औषध पोचणार कसं? सासरे बरोबर बोलतायत, या अवस्थेत त्याला औषध नाही. पण उपाय आहे. विहिरीला पाणी असेल तर वरच्या कडेला स्प्रिंकलरने एक हलकं पाणी द्या. वाळलेलं परत उभं राहणार नाही, कडेचं मात्र वाचेल. आता डोरा (कोळपं) चालवू नका, मुळं तुटतील.

नाल्याजवळचा भाग वेगळा. भिजल्यासारखे डाग, चिकटलेली पानं, दाट पीक. हा रायझोक्टोनिया बुरशीचा करपा वाटतो. पानं हळूच सोडवून बघा, मध्ये जाळीसारखे धागे दिसतील. इथे फवारणीचे पैसे वसूल होतात. पायराक्लोस्ट्रोबिन २० टक्के डब्ल्यूजी, हेक्टरी ३७५ ते ५०० ग्रॅम. एकराला १५० ते २०० ग्रॅम. पाणी एकरी २०० लिटर. १६ लिटरचा पंप असेल तर एकराला बारा-तेरा पंप, आणि पंपाला १२ ते १६ ग्रॅम. माझं भांडण बटाईदारांशी नेहमी या पंपांच्या आकड्यावरून होतं. एकरी पाच-सहा पंपांत शेत “उरकतात” आणि सगळं औषध वरच्या पानांवर. करपा बसलाय खाली, सावलीत. नोझल ओळीत घालून मारायला सांगा. (बिघ्यात हिशोब मुद्दाम देत नाही. बिघा दर दोन गावांनी बदलतो, औषधाचा डोस बदलत नाही.)

चट्टेरी हिरवी-पिवळी झाडं म्हणजे पिवळा मोझॅक. विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. तुरळक असतील तर उपटून पुरा.

टॉनिक परत करा.

छावणीचा_दुकानदार (इंदूर)

काका, तुम्ही आमची बरीच धुलाई केलीत, चालायचंच. पण काउंटरच्या या बाजूचंही ऐका. माणूस येतो, म्हणतो, “सोयाबीन पिवळं पडलंय, काही तरी द्या.” हातात रोप नाही, मोबाइलमध्ये फोटो नाही, कधी पेरलं ते सांगता येत नाही, मागे बस सुटायची घाई. मी एकच औषध दिलं आणि नाही जमलं, तर तो गावभर सांगतो की अमक्याने फसवलं. तीन दिली तर निदान त्यातलं एक तरी लागतं. हे शास्त्र नाही, मला कळतं. पण धंदा असाच चालतो आणि निम्मा उधारीवर चालतो.

वहिनी, दुकानात जाल तेव्हा मुळासकट दोन रोपं पिशवीत न्या. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या. बिल नसेल तर पुढे औषध खोटं निघालं तरी तक्रारीला आधार राहत नाही. आणि डब्याच्या लेबलवर “सोयाबीन” आणि त्या रोगाचं नाव छापलंय का ते वाचा. आम्ही लोक तोंडाने काहीही बोलू, लेबल तसं बोलत नाही.

एक खंत सांगतो. बीजप्रक्रियेचं औषध जूनमध्ये फडताळात धूळ खातं. किलोला तीन ग्रॅमचा खर्च माणसाला जड वाटतो आणि ऑगस्टात तोच माणूस तीन डबे घेऊन जातो.

कृष्णाकाठ (सांगली)

इंदूरकरांनो, तुमच्याकडे तांबेरा नाही का? आमच्याकडे सांगली-कोल्हापुरात त्याचाच धाक. खालच्या पानांच्या पाठीवर तपकिरी फोड, बोट फिरवलं की तांबूस पूड लागते. बघता बघता पान गळतं. आम्ही केडीएस ७२६ पेरतो, म्हणजे फुले संगम. कसबे डिग्रजच्या केंद्रातून आलेला वाण, तांबेऱ्याला बराच टिकतो. तुम्हीही लावून बघा ना.

काळीमाती (इंदूर)

तुमचा वाण चांगलाच आहे, पण शंभराच्या पुढे दिवस घेतो. आमच्याकडे शेत सप्टेंबरअखेर मोकळं हवं असतं. मागे बटाटा, लसूण, हरभरा रांगेत उभे असतात. म्हणून तर लोक ९५-६० सोडत नाहीत, मग त्याची रोगाची कटकट सोसतात. २०-३४ हाही लवकर येणारा आहे, त्याचा विचार करता येईल. तांबेरा माळव्यात तुमच्यासारखा घट्ट बसलेला नाही. मात्र बोट फिरवून बघायची सवय इथेही असलेली बरी. पिवळं पडलेलं प्रत्येक पान लोक तांबेऱ्याच्या नावावर खपवतात.

आमच्या इथली शेंगांच्या वेळची खरी डोकेदुखी अँथ्रॅकनोज. ताई, तुमच्याकडे अजून दिसत नसला तरी पाऊस परतला की दिसू शकतो. पानांच्या शिरा खालून काळपट पडतात, देठ काळे होतात, शेंगेवर वेडेवाकडे तपकिरी डाग येतात आणि त्यावर टाचणीने टोचल्यासारखे काळे बिंदू. भिंगातून बघितले तर त्या बिंदूंवर काळे राठ केस उभे दिसतात. शेंग आतून पोचट राहते किंवा दाणा सुरकुततो. हा बियाण्यातून येतो, झाडात गपचूप राहतो आणि शेंगा धरताना झड लागली की उघडा पडतो. त्याला टेब्युकोनॅझोल २५.९ टक्के ईसी, हेक्टरी ६२५ मिली, म्हणजे एकरी २५० मिली. शेंगा लागायच्या सुरुवातीला मारलं तर उपयोग. शेंगा काळ्या झाल्यावर मारणं म्हणजे फक्त समाधान. दुसरी फवारणी लागलीच तर त्याच गटातलं औषध परत नको.

माळव्याची_सून (इंदूर)

मंडळी, जाऊन आले. बटाईदार आधी हसला. “बाईजी, सुरी लेकर खेत में?” मग पहिलं खोड मी चिरलं, नंतरची सगळी त्याने स्वतः चिरली, मला हात लावू दिला नाही.

वरच्या कडेच्या रोपांत काका म्हणाले तेच. मूळ राखाडी, साल बोटांनी सहज सोलली गेली आणि आत काळी बारीक कणी. थुंकी लावून घासली तरी निघाली नाही. शेताच्या मध्यावर मात्र मलूल झालेल्या काही झाडांत लाल बोगदा निघाला, एकात अळी जिवंत होती. म्हणजे एकाच शेतात दोन्ही! नाल्याजवळ पानं सोडवली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, आणि देठावर तपकिरी खडे.

फवारणी फक्त नाल्याच्या बाजूला केली, बटाईदाराला पंप मोजून भरायला लावले. वरच्या कडेला स्प्रिंकलर लावला. टॉनिक दुकानदाराने परत घेतलं नाही, चहा पाजला.

आता पुढचं विचारते. वरच्या कडेला दरवर्षी सोयाबीन आणि मागून हरभरा असतो. हरभऱ्यातही जानेवारी-फेब्रुवारीत तिथलीच झाडं सुकतात, ते आम्ही पाणी कमी पडलं म्हणून सोडून द्यायचो. आणि यंदाचं बियाणं घरचंच होतं. पुढच्या वर्षीही घरचंच ठेवू का?

काळीमाती (इंदूर)

हरभऱ्याचं तुम्ही विचारलंत हे बरं झालं. हरभऱ्याची कोरडी मूळकुज करणारी रायझोक्टोनिया बटाटिकोला आणि सोयाबीनच्या चारकोलची मॅक्रोफोमिना ही एकच बुरशी, नावं तेवढी वेगळी पडली. म्हणजे खरिपात तुम्ही तिला सोयाबीन खाऊ घालता आणि रब्बीत हरभरा. फेरपालट केली असं आपल्याला वाटतं, तिचा मात्र एकही उपास घडत नाही. मक्यावर आणि ज्वारीवरही ती जगते. वरच्या कडेला दोन-तीन वर्षं रब्बीत गहू घ्या, विहिरीचं पाणी आहेच. पाण्याची चिंता असेल तर आपल्या इथल्या गहू संशोधन केंद्राचे कमी पाण्यावर येणारे वाण आहेत, चौकशी करा. बुरशी संपणार नाही, तिची बीजं मातीत कमी होतील. ओलीत ती लवकर मरतात, गव्हाला पाणी दिल्याचा हाही एक फायदा. उन्हाळ्यात एक खोल नांगरट करा. कॉलर रॉटचे दाणे खोल गाडले गेले की त्यांना उगवता येत नाही.

शेणखत घालता का? घालत असाल तर कुजलेलंच घाला. कच्च्या शेणखतावर आणि अर्धवट कुजलेल्या भुश्यावर स्क्लेरोशियम मजेत पोसतं. याच इंदुरात १९२४ पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी संस्था उभी केली आणि आपल्या यशवंत वाडांच्या बरोबरीने कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. ती जगभर गेली. आणि आपण एप्रिलचं शेण जूनमध्ये ट्रॉलीने शेतात ओततो.

बियाण्याचं. घरचं ठेवायला हरकत नाही, पण नाल्याजवळचं आणि वरच्या कडेचं नको. मधल्या पट्ट्यातली, खोडमाशी न लागलेली, डाग नसलेल्या शेंगांची जागा आत्ताच काठ्या रोवून राखून ठेवा, आणि तेवढी मळणी वेगळी करा. थ्रेशरचा वेग ३५० ते ४०० फेऱ्यांवर ठेवायला सांगा. मळणीवाले जोरात पळवतात, दाण्याची साल तडकते. सोयाबीनची साल नाजूक, तडकली की उगवण गेली आणि बुरशीला दार उघडं. नीट वाळवा, पोती एकावर एक चार-पाचाहून जास्त रचू नका, भिंतीला टेकवू नका.

मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात घालून बघा. ७० किंवा जास्त उगवले तर ठीक. कमी आले म्हणून जास्त बी ओतायचं, हा आपल्याकडचा आवडता तोडगा. त्यापेक्षा बियाणं बदला. हेक्टरी ७५ किलो पुरतं. लोक शंभरच्या पुढे पेरतात आणि मग तुमच्यासारखं होतं, ओळीत पाय ठेवायला जागा नाही. त्या दाटीतच नाल्याजवळचा करपा पोसला. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, हवा खेळू द्या. नाल्याच्या बाजूला सरी-वरंब्यावर पेरलं तर पाणीही तुंबणार नाही.

अजून शंका राहिलीच तर खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९८७ पासून. रोपं मुळासकट घेऊन जा. इंदुरात राहून तिथे न जाणारे शेतकरी बघितले की मला आश्चर्य वाटतं.

माळव्याची_सून (इंदूर)

काठ्या उद्याच रोवून घेते. एकच शेवटचं. बीजप्रक्रियेला दुकानात ट्रायकोडर्मा पण सांगतात आणि रासायनिक पण. दोन्ही एकदमच लावलं तर जास्त चांगलं ना? आणि ते जिवाणूंचं कल्चर कधी लावायचं?

छावणीचा_दुकानदार (इंदूर)

याचं उत्तर मला देऊ द्या काका, दोन्ही मीच विकतो.

वहिनी, एकदम नाही. ट्रायकोडर्मा स्वतः बुरशी आहे. कार्बेन्डाझिमसारख्या औषधाबरोबर लावली तर दोन्हीचे पैसे देऊन एकाचंच काम मिळेल. बियाण्याला कार्बोक्सिन-थायरमचं मिश्रण लावा, किलोला ३ ग्रॅम. ट्रायकोडर्मा चाळलेल्या कुजक्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, पेरणीआधी वरच्या कडेच्या मातीत घाला. बियाण्याचा क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर खोडमाशीसाठी कीटकनाशक. यंदा बोगदे निघाले म्हणता, तेव्हा तुम्हाला ते लागेल. रायझोबियम कल्चर सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशीच, किलोला ५ ग्रॅम. सावलीत लावा, सावलीतच सुकवा आणि लगेच पेरा. पाकिटावरची तारीख बघून घ्या. उन्हात ठेवलेलं कल्चर कोणी देत असेल, मी दिलं तरी, घेऊ नका.